सुखाचं बिल कोण भरतंय? गाडगेबाबा, ऋणमोचन आणि माझा एक ‘हो’

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना काही सुटलं असेल तर इथे निवांत वाचा.)



हा भाग मी अकोल्यात, माझ्या खोलीत बसून रेकॉर्ड करतोय. पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून पंखा बंद केलाय, आणि बाहेर एप्रिल आहे. अकोल्याचा एप्रिल! ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे मध्येच पाणी प्यायला थांबलो तर समजून घ्या.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला होता. लिहिलं होतं, “दादा, देवावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण नोकरीत सगळे जे करतात तेच मलाही करावं लागतं. नाही केलं तर मागे पडतो. दोन्ही एकत्र जमतं का?” मी त्याला दोन ओळींचं उत्तर टाइप केलं. छान उत्तर होतं, इमोजी वगैरे टाकून. मग ते खोडलं. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर मला माझी एक गोष्ट सांगावी लागते, आणि त्या गोष्टीत मी काही फार चांगला माणूस नाही. आज ती सांगतो. आणि सोबत आपल्याच भागातल्या एका माणसाची सांगतो. त्याच्या नावाचा चौक, शाळा, विद्यापीठ सगळं आपल्याला पाठ आहे, पण त्याने नेमकं काय नाकारलं हे आपण कधी नीट पाहत नाही.

२०२१-२२ साली मी अमरावतीला होतो. गाडगेनगरात भाड्याची खोली, बत्तीस हजार पगार, हप्त्यावर घेतलेली नवी बाईक. काम एका खासगी वित्तसंस्थेत. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. व्हिजिटिंग कार्डावर ‘रिलेशनशिप ऑफिसर’ असं छापलेलं होतं. गावाकडे बाबांनी ते कार्ड खिशात ठेवलं होतं, आणि पारावर कुणी विचारलं की काढून दाखवायचे. अमरावतीच्या एका चांगल्या घरातून माझ्यासाठी स्थळही आलं होतं. आपल्याकडे आज शेतकऱ्याच्या पोराला स्थळ येणं म्हणजे काय, हे ऐकणाऱ्या अर्ध्या पोरांना कळतं. हसू नका.

आणि हो, आमच्या ऑफिसात देवही होता. मॅनेजरच्या टेबलामागे भिंतीवर मोठा फोटो, रोज ताजा हार. महिन्याच्या एक तारखेला आरती, मग पेढा, मग टार्गेटचा आकडा. त्यामुळे ‘देवाला मानणारे आणि न मानणारे’ असा हा मामलाच नव्हता. आम्ही सगळे मानणारेच होतो.

आता तो दिवस. २०२२ चा फेब्रुवारी. आठवत असेल, त्या वर्षी कापसाला क्विंटलमागे दहा हजारांच्या वर भाव गेला होता. वर्षानुवर्षं न पाहिलेला भाव. आमच्या टीमला सूचना आली की खेड्यांत पैसा आलाय, तिकडे जा. मी गेलो दर्यापूरच्या बाजूला. तो पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथे विहिरीचं पाणी खारट लागतं, माणसं प्यायच्या पाण्याला जिवापाड जपतात, आणि तरी दारात आलेल्याला पहिला तांब्या पुढे करतात.

एका काकांनी मला तांब्या दिला. साठीच्या पुढचे, कोरडवाहू शेती, घरात एक लग्नाची मुलगी. कापसाचे एक लाख बाजूला ठेवलेले. त्यांना वर्षभरासाठी एफडी करायची होती. माझ्याकडे विकायला होती विमा पॉलिसी. दर वर्षी एक लाख भरायचे, तेही दहा वर्षं. मध्येच थांबवली तर भरलेल्यातला मोठा वाटा बुडणार. मी कागद पुढे केले. काकांनी सही करण्याआधी एकच विचारलं.

“बापू, हे एफडीच हाये नं? पुढच्या साली पोरीचं लगन हाये. तवा पैसे निंगतीन नं?”

मी म्हणालो, “हो काका.”

बस्स, एवढंच. बंदूक नाही, चोरी नाही. एक ‘हो’. त्या महिन्यात त्या ‘हो’चे मला साडेचार हजार इन्सेंटिव्ह मिळणार होते, आणि बाईकचा हप्ता होता चार हजार दोनशे.

परतीच्या वाटेवर मला काही वाईटही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आपण समजतो की चुकीचं काही केलं की आतून आवाज येतो. माझ्या आत त्या दिवशी काहीच झालं नाही. मी ढाब्यावर थांबलो, शेवभाजी खाल्ली, स्टेटस टाकलं.

अकराव्या दिवशी आजीचा फोन आला.

माझी आजी मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात राहते. तिने दोन बकऱ्या विकून आणि घरखर्चातून वाचवून चाळीस हजार साठवले होते. म्हणाली, “तुह्या हापिसात ठेवून दे नं बाप्पा. घरचाच मानूस हायेस तू.” आणि माझ्या तोंडून, काही विचार करायच्या आत, निघून गेलं, “नको आजी. आमच्याकडे नको. तू पोस्टात ठेव.”

फोन ठेवला आणि मी तसाच पलंगावर बसून राहिलो. कारण मला काय खरं आणि काय खोटं हे पक्कं माहीत होतं, याचा पुरावा मीच दिला होता. माझ्या आजीसाठी एक सत्य, आणि त्या काकांसाठी दुसरं.

आता इथे मी गोष्ट जरा थांबवतो आणि आजीच्या आठवणीकडे जातो, कारण माझ्यासाठी गाडगेबाबा तिथून सुरू होतात.

आजी दहा-बारा वर्षांची असताना तिचे वडील तिला बाबांच्या कीर्तनाला घेऊन गेले होते. तिला कीर्तनातलं काहीच आठवत नाही. एवढंच आठवतं, की संध्याकाळी मैदानावर एक चिंध्या घातलेला म्हातारा खराट्याने जागा झाडत होता. तिला वाटलं गावचा झाडूवाला असेल. रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला. आजी म्हणते, “मले वाटलं, महाराज कवा येतीन? आन् तो तं कवाचा आलता.”

त्यांचं नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. परीट कुटुंब. वडील दारूत गेले, आणि घरही दारूत गेलं. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली, दापुऱ्याला, म्हणजे आपल्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. तिथे डेबूने मामाकडे गुरं राखली, नांगर धरला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. मामाला लिहिता-वाचता येत नव्हतं, कागदावर काय आहे ते त्यांना कळलं नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटलं होतं. कागदावर काय आहे ते त्यांना कळलं नाही. सव्वाशे वर्षं झाली. सावकाराच्या जागी आता आयकार्ड गळ्यात घातलेला मी होतो.

पण मला आज सांगायचंय ते डेबूजीच्या प्रतिष्ठेबद्दल. आपल्याला वाटतं, ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याने सोडलं काय? तर तसं नाहीये. दापुऱ्यात डेबूजी हा कष्टाळू शेतकरी म्हणून नावाजलेला होता. १८९२ साली लग्न झालं, कुंताबाईंशी. पहिली मुलगी झाली, बारसं आलं. तेव्हाच्या रीतीनुसार बारशाला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची. तो मान होता. नाही दिला तर जातीत नाव खराब. डेबूजीने गोडाचं जेवण दिलं. लोक कुरकुरले. आज ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण विचार करा. ज्या भाऊबंदांत रोज उठबस, पुढे पोरींची लग्नं ज्यांच्यात करायची, त्यांच्यासमोर एकट्याने नाही म्हणायचं. आपण तर ऑफिसच्या पार्टीत ‘मी घेत नाही’ म्हणायलाही चार वेळा घसा साफ करतो.

आणि मग १ फेब्रुवारी १९०५. डेबूजीने घर सोडलं. अंगावर फाटकी वस्त्रं, हातात काठी आणि एक फुटकं मडकं. त्या मडक्याच्या गाडग्यावरून पुढे नाव पडलं, गाडगेबाबा.

हे सगळं आपल्याला शाळेत शिकवलेलं आहे. पण शाळेत इथेच थांबतात, आणि खरा भाग तर इथून पुढे सुरू होतो.

अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौष महिन्यात तिथे रविवारी यात्रा भरते. नावातच आहे, ऋणातून मोकळं करणारं ठिकाण. लोक श्रद्धेने येतात, नदीत अंघोळ करतात, देवाला जातात. पण काठ आपल्या काळ्या मातीचा. ओली झाली की साबणासारखी घसरते, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हातारी माणसं पडायची. गाडगेबाबा यात्रेला जायचे तेव्हा खराटा आणि फावडं घेऊन काठ नीट करायला लागायचे. पुढे त्यांनी तिथे लोकांच्या मदतीने पक्का घाट बांधवला. देव तिकडे देवळात होता, आणि बाबा त्याच्यापर्यंत जाणाऱ्यांची वाट झाडत होते. मला वाटतं, त्यांची देवावरची निष्ठा म्हणजे काय, हे समजायला हे एक चित्र पुरे आहे.

लक्षात घ्या, हा माणूस देव न मानणारा नव्हता. आयुष्यभर कीर्तन करत राहिला, नाम घेत राहिला. पण देवाच्या नावाने कोंबडं-बकरं कापणं, नवस, देवासाठी कर्ज काढणं यावर त्यांनी सडकून टीका केली. कीर्तनात ते भाषण देत नसत, प्रश्न विचारत. समोरचे अडाणी म्हटले गेलेले लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता त्यांनाच कळे की आपण काय करतोय. हे ऐकायचं असेल तर खरंच ऐका. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांनी केलेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. त्यानंतर महिना-दीड महिन्यात ते गेले. थकलेला, खरखरीत, आपल्याच बोलीतला आवाज. हेडफोन लावून ऐका.

आता मुद्द्यावर येतो. घर सोडलं तेव्हा सुख सुटलं, पण ते कायमचं सुटलं का? नाही! ते परत आलं. दहा-पंधरा वर्षांत बाबांचं नाव महाराष्ट्रभर झालं. लोक पैसे द्यायला तयार, जागा द्यायला तयार, पाया पडायला तर रांग. त्यांच्या हातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, पेशंटच्या नातेवाइकांना टेकायला जागा म्हणून धर्मशाळा झाली. पहिल्या वेळी सुख आलं ते शेती, बैलजोडी, भाऊबंदांतला मान या रूपात. दुसऱ्या वेळी ते देवाचेच कपडे घालून आलं. महाराज, बसा. महाराज, घ्या. महाराज, हे तुमचंच आहे.

ते ओळखणं जास्त अवघड आहे मित्रांनो. पहिल्या सुखाला नाही म्हटलं तर लोक वेडा म्हणतात. दुसऱ्याला हो म्हटलं तर लोक संत म्हणतात!

बाबांनी काय केलं? पायाला हात लावू दिला नाही. लोकांसाठी लाखोंच्या इमारती बांधल्या, आणि स्वतः चिंध्यांतच राहिले. त्यांचे चरित्रकार लिहितात की कुंताबाईही धर्मशाळेच्या खोलीत नव्हे, झोपडीत राहत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवून टाकली. जो पैसा देवाच्या नावाने आला तो देवाच्या माणसांचा, त्यातला एक घास माझ्या घरचा नाही. इतका सरळ हिशोब.

१९२३ साली ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात असताना मुलगा गोविंद गेल्याची खबर आली. कुत्रा चावल्याचं निमित्त झालं होतं. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. मी मात्र ती ऐकली की कुंताबाईंकडे पाहतो. त्या तर कीर्तनात उभ्या नव्हत्या. त्यांना टाळ्या नव्हत्या. नवरा देवासाठी निघून गेला, पोरगा गेला, आणि लाखोंच्या धर्मशाळांशेजारी झोपडीत राहायचं. त्या निष्ठेची किंमत कुंताबाईंनीही भरली, आणि त्यांना कुणी विचारून भरायला लावली नव्हती.

मी हे बाबांना कमी लेखायला सांगत नाहीये. खोटं नको म्हणून सांगतोय. देवाशी इमान राखायचं म्हटलं की किंमत फक्त आपल्याच खिशातून जाते, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. माझ्या बाबतीत ती कुणी भरली, ते येतंच आता.

तर, अकरावा दिवस. पॉलिसी हातात आल्यावर ठरावीक मुदतीत ती परत करता येते, पैसे मिळतात. याला ‘फ्री लुक’ म्हणतात. तेव्हा आमच्या पॉलिसीला पंधरा दिवस होते, आता ही मुदत तीस दिवसांची झाली आहे. लिहून ठेवा, घरी आई-बाबांना सांगा. तर माझ्याकडे चार दिवस होते. मी त्यातला एक दिवस घाबरण्यात घालवला.

त्या संध्याकाळी मी गाडगेनगरातल्या समाधी मंदिरात गेलो. दीड वर्ष तिथून पाच मिनिटांवर राहत होतो, रोज बाईकवरून समोरून जायचो, आत कधी गेलो नव्हतो. तिथे मला काही दर्शन-बिर्शन झालं नाही. एक मावशी झाडत होत्या. म्हणाल्या, “पाय उचल रे बापू.” मी पाय उचलले, त्या खालून झाडून पुढे गेल्या. अर्धा तास बसलो आणि परत आलो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाईक दर्यापूरच्या रस्त्याला लावली.

तुम्हाला वाटत असेल की काकांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले शाब्बास. नाही. मी सगळं सांगितलं, की ही एफडी नाही, पुढच्या वर्षी पैसे निघणार नाहीत, या अर्जावर सही करा म्हणजे रक्कम परत येईल. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मंग तवा हो काहून म्हटलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

त्यांनी अर्ज शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून वाचून घेतला, दोनदा. मग सही केली. निघताना मी पायरीवर क्षणभर थांबलो. पाण्याचा तांब्या काही आला नाही. पहिल्या दिवशी, खोटं बोलणाऱ्या मला त्यांनी पाणी दिलं होतं. खरं बोलणाऱ्याला नाही. आणि त्यांचं बरोबर होतं.

थोडी कपात होऊन पैसे परत आले. काकांचा फोन कधीच आला नाही. ऑफिसात इन्सेंटिव्ह कापला गेला, आणि मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, “तू इथं संत व्हायला आलास का?” लोक हसले. मीही हसलो. हो, मीही हसलो, कारण नोकरी टिकवायची होती. मी काही तडकाफडकी राजीनामा वगैरे फेकला नाही. दोन महिने खरं सांगून विकायचा प्रयत्न केला. टार्गेटच्या जवळपासही पोहोचलो नाही. मग मला बोलावून राजीनामा लिहायला सांगितलं. त्यामुळे मी नोकरी सोडली असं म्हणत नाही. ती सुटली.

त्या जूनमध्ये मी सामान घेऊन अमरावतीहून अकोल्याकडे निघालो तेव्हा त्या हायवेवर तो गिनीज विक्रमवाला रस्ता तयार होत होता. आठवतंय? पंचाहत्तर किलोमीटर, १०५ तास ३३ मिनिटांत. सगळीकडे बातमी, सगळ्यांचं स्टेटस. जागतिक विक्रमाचा रस्ता माझ्या शेजारून पुढे चालला होता आणि मी मागे निघालो होतो. तेव्हा तरी असंच वाटलं.

स्थळ गेलं. निरोप सभ्य होता, “सध्या आम्ही थांबतोय.” बाईकचे उरलेले हप्ते सहा महिने बाबांनी भरले. तुरीच्या पैशातून. बाबांनी ते व्हिजिटिंग कार्ड खिशातून काढून कपाटात ठेवलं, आणि माझ्याशी बोलणं जवळपास बंद केलं. एकदाच म्हणाले, “तुह्या एका खरं बोलन्यानं घर चालते काय?” मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, तो प्रश्न कुंताबाईंचाही असणार. माझ्या इमानाचं बिल बाबांनी भरलं. त्यांना न विचारता मी ते त्यांच्या नावावर टाकलं होतं.

मग फरक काय राहिला? काकांनी भरलं काय आणि बाबांनी भरलं काय? मी यावर खूप विचार केलाय. मला एवढंच समजलंय. काका जे बिल भरणार होते त्याच्यावर मी मजा करणार होतो, आणि त्यांना ते माहीतही नसणार होतं. बाबांनी भरलं तेव्हा मी त्यांच्याशेजारी बसून तीच भाजी-भाकर खात होतो. गाडगेबाबांनी कुंताबाईंना झोपडीत ठेवलं, पण स्वतः महालात गेले नाहीत. त्याने कुंताबाईंचं दुःख कमी होत नाही. पण निदान त्यात फसवणूक नव्हती. आणि एक गोष्ट बाबांपेक्षा वेगळी करायची मोकळीक आपल्याला आहे. आपण घरच्यांशी आधी बोलू शकतो. मी बोललो नाही. तुम्ही बोला.

आता मी अकोल्यात एका जिनिंगमध्ये हिशोब लिहितो. सोळा हजार मिळतात. रविवारी गावी जातो. तिथे एक वेगळंच काम मागे लागलंय. कुणाची पीक कर्जाची कागदं, कुणाच्या पोराने मोबाईलवर घेतलेलं कर्ज, कुणाची पॉलिसी. लोक घेऊन येतात, मी मोठ्याने वाचून दाखवतो आणि साध्या भाषेत सांगतो. एवढंच. पैसे घेत नाही. पण खरं सांगू? मध्यंतरी एक आजोबा पाया पडायला वाकले, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं! तेव्हा कळलं की तेच सुख कपडे बदलून परत आलंय. बाबा पायाला हात का लावू देत नसत ते त्या सेकंदाला समजलं. आता खुर्चीवर बसत नाही. खाली सतरंजीवर सगळ्यांबरोबर बसतो.

तर ज्याने प्रश्न विचारला होता त्या मित्राला माझं उत्तर. दोन्ही जमतं का? देव आणि नोकरी नक्कीच जमतं. देव आणि पगार, बाईक, चांगलं घर, हेही जमतं. सुख म्हणजे पाप असं मी म्हणत नाही, बाबांनीही लोकांना उपाशी राहा असं सांगितलं नाही. उलट पोरांना शिकवा, कर्ज काढू नका, दारूत घर घालवू नका, हेच सांगत राहिले. जमत नाही ते एकच. ज्याचं बिल दुसरा, न कळता, भरतोय असं सुख आणि देव, हे दोन्ही एका खिशात राहत नाहीत. हार कितीही ताजा असू दे.

आणि हे एकदा ठरवून संपत नाही. बाबांनी १९०५ साली घर सोडलं आणि २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. मधली जवळजवळ बावन्न वर्षं ते रोज सकाळी नव्याने नाही म्हणत होते. आपण सोडण्याच्या दिवसाची गोष्ट सांगतो, कारण ती छोटी आहे, रीलमध्ये बसते. त्या बावन्न वर्षांची रील होत नाही.

या आठवड्याचं काम. नेहमीसारखं एकच. तुम्हाला मिळणाऱ्या पैशातली किंवा मानातली एक गोष्ट घ्या. पगारातला एखादा भाग असेल, मार्क असतील, फॉलोअर असतील. आणि कागदावर लिहा, याचं बिल कोण भरतंय? त्याला ते माहीत आहे का? उत्तर मला पाठवायची गरज नाही. पण तो माणूस जिवंत असेल, पत्ता माहीत असेल, आणि मुदतीचे काही दिवस शिल्लक असतील, तर जाऊन या. पाणी मिळेल या आशेने जाऊ नका.

शेवटचं एक. मागच्या रविवारी मी कागद वाचत बसलो होतो. बाबा बाहेरून आले, थोडा वेळ उभे राहिले. मग रांगेत सगळ्यात शेवटी बसले. त्यांची पाळी आली तेव्हा हरभऱ्याच्या पैशाची पावती पुढे केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “हे कुठी ठेवू, सांग.”

मी म्हणालो, “पोस्टात ठेवा बाबा.”

चला, आता पंखा लावतो. पाणी पितो. तुम्हीही प्या, ऊन फार आहे. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.